लोखंड खाली की वर

जालन्याच्या मस्तगडातील आमच्या दुकानात मी उभे आयुष्य ताडपत्री कापली. बैलगाडीवरची, ट्रकवरची, मळणीच्या वेळी धान्याखाली अंथरायची. त्याशिवाय होल्डॉल, सुतारांच्या हत्यारांच्या पिशव्या, ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरे. या कामांत न समजण्यासारखे काही नव्हते. वस्तू कशासाठी आहे हे ठाऊक असले की ती कशी असावी हे आपोआप ठरते. एकच काम असे आले की ज्यात वस्तू कशासाठी आहे हेच मला ठाऊक नव्हते. ते काम म्हणजे गोल्फच्या बॅगेचा तळ. त्याला आता बरीच वर्षे झाली. तो तळ टिकला. मला मात्र त्यातले पुष्कळसे अजून उमगलेले नाही.

दुकान मी आणि माझा साडू, दोघांनी मिळून ऐंशीनंतर लगेच सुरू केले. मी टेंभुर्णीचा, तो वाटूरचा. दोघांच्याही घरी आजोबांच्या काळापर्यंत मेंढरे होती. पुढे शेती आली. शेतीत सगळ्यांचे भागेना तेव्हा आम्ही जालन्यात आलो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांची आई लवकर गेली, म्हणून माझ्या बायकोने धाकटीला हाताखाली वाढवले होते. दुकानामागे दोन खोल्या होत्या. एकीत आम्ही राहत असू, दुसरीत ते. चूल एकच होती.

कापणे माझ्याकडे होते, शिवणे त्याच्याकडे. जाड कापडाचे आणि कातड्याचे मोठे मशीन आम्ही जुन्या बाजारातून आणले होते. त्याचा स्वभाव विचित्र होता. माझ्या हाताखाली ते अडायचे, दोरा तोडायचे. त्याच्या हाताखाली दिवसभर मुकाट चालायचे. मशीनपुढच्या स्टुलावर त्याने वाटूरहून आणलेल्या जुन्या घोंगडीची घडी टाकली होती. तीवर दुसरे कुणी बसलेले त्याला खपत नसे.

नव्वदीनंतर निळे प्लास्टिक आले. ते हलके होते, स्वस्त होते आणि त्याला शिवण लागत नव्हती. लोक ताडपत्रीचा भाव विचारून पुढच्या दुकानात जाऊ लागले. एका माणसाला पुरेल इतकेच काम उरले, आणि माणसे दोन होती. याविषयी आम्ही कधी बोललो नाही. दोघांनाही दिसत होते.

मग एके दिवशी साडूने मशीनमध्ये दोरा ओवता ओवता सांगितले, "भावाचा निरोप आल्ता. पाडव्याला सालगडी ठिवू का तू येतो, म्हून इचारलंय."

आमच्याकडे शेतावरचा वर्षाचा माणूस गुढीपाडव्याला ठरतो. ज्याने पाडव्याला हो म्हटले तो पुढच्या पाडव्यापर्यंत बांधला गेला. मधे सोडून जाणे हे कुणी करत नाही, आणि घरचाच माणूस असेल तर मुळीच नाही. भावाची जमीन कोरडवाहू होती, पण एका माणसाचे काम तिच्यात होते. साडू गेला तर वर्षासाठी गेला, आणि एकदा मुलाबाळांसह गेलेला माणूस मागे फिरत नाही हे मी पुष्कळ घरांत पाहिले होते.

"तू काय सांगितलंस?" मी विचारले.

"म्हन्लं, पाडव्याच्या आदी कळवतो."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दसरा होऊन गेल्यावर, औरंगाबादचा एक तरुण एजंट दुकानात आला. बाहेरदेशी माल पाठवणाऱ्या कुठल्याशा कारखान्यासाठी तो शिलाईची कामे वाटत फिरत असे. त्याने टेबलावर एक लांब, नळकांड्यासारखी बॅग ठेवली. उभी केली तर कमरेपर्यंत येणारी. वरच्या तोंडाला लवदार मऊ कापडाचे कप्पे, बाजूला खिसे, खांद्यावर घ्यायला पट्टा. तिचा तळ गेलेला होता. कडेची शिवण जमिनीला घासून उसवली होती आणि मधल्या पुठ्ठ्याला गोल गोल भोके पडली होती.

ती गोल्फची बॅग आहे, असे त्याने सांगितले. तिच्यात काठ्या असतात; दांडा लांब आणि टोकाला लोखंड. त्या काठ्यांनी चेंडू मारतात. बॅगा चांगल्या खपतात, पण तळ फुटतो अशी तक्रार येते. फुटणार नाही असा तळ कुणी करून दिला, तर पुढे सगळी बॅगच त्याच्याकडे शिवायला येईल. नमुन्याचा तळ बसवायला त्याने तशीच एक नवी, बिनतळाची बॅगही ठेवली.

काठी बघायला मिळेल का, असे मी विचारले. मिळणार नाही, ती महाग असते, म्हणाला. त्याने स्वतः खेळ पाहिला आहे का, असे विचारले. टीव्हीवर जाता येता पाहिला आहे, पण बॅगेकडे कोण बघतो, असे तो म्हणाला. त्यात लबाडी नव्हती. त्याला खरोखरच ठाऊक नव्हते.

साडूने मशीन थांबवले होते. "एका चेंडूला इतक्या काठ्या?" त्याने विचारले.

"हो. दर वेळी वेगळी घ्यायची."

"मंग चेंडू मोठा आसंल."

"नाही, लिंबाएवढा."

"आन मारनारे किती?"

"एकच."

साडूने माझ्याकडे पाहिले. मी एजंटाला म्हणालो की तळ होऊन जाईल.

तो गेल्यावर आम्ही बॅग मधे ठेवून बसलो. कोणत्या कातड्याचा तळ करायचा, फळी घालायची की पत्रा, शिवण किती पदरी, यावर आमचा वाद झाला. एका गोष्टीवर मात्र वाद झाला नाही. लोखंडाची बाजू खाली जाणार, हे आम्ही दोघे धरूनच चाललो. दुसरा काही विचार मनात येण्याचे कारणच नव्हते. शेतकऱ्याच्या घरात कुदळ, टिकाव, फावडे कोपऱ्यात उभे असते ते लोखंड खाली टेकून. दांडा वर असतो, कारण हात दांड्याला घालायचा असतो. जड ते खाली. टेंभुर्णीत तसे, वाटूरला तसे. गोल्फ खेळणाऱ्यांकडे वेगळे असेल असे आमच्या मनाला शिवले नाही.

भोकांनी मात्र घोटाळा केला. लोखंड जड आणि रुंद, तर भोक इतके लहान आणि गोल का? मी ती भोके पुन्हा पुन्हा बोट घालून पाहिली. साडूचे म्हणणे असे की त्या लोखंडाला पहारीसारखे टोक असणार. मी विचारले, टोकाने चेंडू कसा मारतात? तो म्हणाला, लिंबाएवढा आहे, टोचत असतील. माझे समाधान झाले नाही. दुसरे उत्तर माझ्याकडेही नव्हते.

मेहुणी पोळ्या लाटता लाटता कशासाठी तरी बाहेर आली होती. हातात लाटणे तसेच होते. तिने बॅगेत डोकावून पाहिले आणि लाटण्याचे टोक एका भोकात घातले. ते नेमके बसले.

"दाजी, हे तर कुनी लाटन्यानं कुटल्यागत दिसतंय," ती म्हणाली.

"तू पोळ्या बघ," साडू म्हणाला. "ह्यो खेळ पोळ्यांचा न्हाई."

"मंग कशाचा हाय, ते तुमाला तरी कुटं ठावं?"

ती आत गेली. आम्ही पुन्हा पहारीच्या टोकावर आलो.

जो तळ आम्ही केला तो असा. खाली बाभळीची गोल फळी. तिच्यावर पत्रा, कडेने रिव्हेट ठोकलेला. फळीला बाहेरून म्हशीचे कातडे. आत, प्रत्येक काठीचे लोखंड स्वतंत्र बसावे म्हणून पत्र्याची छोटी छोटी घरे. ही घरांची कल्पना माझी होती आणि ती मला फार योग्य वाटली होती. एक लोखंड दुसऱ्यावर आदळणार नाही, टोक एका जागी राहील. साडूने कातडे असे शिवले की टाका शोधावा लागत होता.

मग पारख. आम्ही गावाकडून कुदळी, टिकाव आणि एक पहार आणली, ती लोखंड खाली करून बॅगेत भरली, आणि बॅग टेंभुर्णीला जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी बांधली. समोरच्या दुकानदाराने विचारले की तोफ घेऊन कोणावर चालले. साडू म्हणाला, तुझ्यावरच येणार होतो, पण बाहेरदेशाहून बोलावणे आले. ट्रॉली खड्ड्याखड्ड्यांतून गेली आणि आली. तळाला ओरखडाही नव्हता. मी समाधानी होतो असे म्हणणार नाही. लहान गोल भोकांचा उलगडा झाला नव्हता, आणि जोवर जुने का फुटले हे कळत नाही तोवर नवे का टिकेल हे सांगता येत नाही. परंतु टिकत होते, हे डोळ्यांपुढे होते.

संक्रांत झाल्यावर एजंट येऊन बॅग घेऊन गेला. उचलताना तो एका बाजूला वाकला. "काका, वजन जरा..." इतकेच म्हणाला. मी म्हणालो, तळ फुटणार नाही.

त्यानंतर घरात कुणी पाडव्याचे नाव काढले नाही. भावाचा निरोप पुन्हा आला. साडूने थोडे थांब म्हणून कळवले. माझी बायको आणि तिची बहीण उन्हाळ्याचे पापड-कुरडया घालायचे ठरवत होत्या आणि एकाच घराच्या हिशेबाने ठरवत होत्या.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात एजंट परत आला. बरोबर आमची बॅग होती. कारखान्याच्या माणसाने ती पाहून हे काय आहे असे विचारले, म्हणाला. वजन फार. आणि खाली घरे कशासाठी, हे तिथे कुणालाच कळले नाही.

"लोखंड बसायला," मी म्हणालो.

त्याने एका घरात बोट घालून पाहिले. आपण दोघेही काहीतरी चुकत आहोत एवढे त्याला जाणवले असावे. काय ते त्यालाही सांगता येत नव्हते. कारखान्याला तसे कळवतो, म्हणाला. मग ती बॅग माझ्यापुढे ठेवून म्हणाला की अजून एकदा करून बघायचे असेल तर बघा. "घाई नाही काका. पण जल्दी झालं तर बरं."

साडू स्टुलावरून हे सर्व ऐकत होता. एजंट गेल्यावर त्याने हातातली शिवण पूर्ण केली, दोरा कापला, मशीनला तेल दिले. मग बसस्टँडवर जाऊन वाटूरच्या ओळखीच्या माणसाकडे भावासाठी निरोप दिला. मी त्याला थांब म्हणालो नाही. थांब म्हणायला हातात काही असावे लागते.

बायकोने मला एकदाच विचारले, "तुमच्या म्हनन्यानं तो आजून म्हैनाभर थांबला आसता का?"

भाऊ महिनाभर थांबला नसता, असे मी सांगितले. कुरडयांचा गहू भिजत घातलेला होता. तो तिने तसाच दोन पातेल्यांत वाटून घेतला.

जाताना साडूने आमची नापास झालेली बॅग उचलली. "ही नेऊ का? गोठ्यात हत्यारं ठिवायला कामी यील." मी ने म्हणालो. घोंगडीची घडी स्टुलावरच राहिली. विसरला असेल, असे मला वाटले. पोचवायची म्हणून मी ती उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली.

पाडवा होऊन गेला. दुकानात कापण्यासारखे फार नव्हते आणि शिवायला कुणी नव्हते. फुटक्या तळाची ती पहिली बॅग भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे पाहिले की मला राग येई. बॅगेचा की माझा, हे मी ठरवले नाही. शेवटी एक दिवस मी दुकान बंद करून औरंगाबादला गेलो. लष्करी छावणीच्या बाजूला तो खेळ खेळतात असे एजंटाकडूनच समजले होते.

फाटकावरच्या माणसाने विचारले, "क्या काम है?" मला बॅगेचा तळ पाहायचा आहे, असे मी सांगितले. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि आत सोडले नाही.

मी तारेच्या कुंपणाने चालत गेलो आणि एका कडुलिंबाखाली उभा राहिलो. ऊन बरेच होते. पुष्कळ वेळाने दोन माणसे येताना दिसली. पुढे पांढऱ्या टोपीतला एक, मागे बॅग खांद्यावर घेतलेला दुसरा. आणि त्या बॅगेच्या तोंडातून सगळी लोखंडे वर आलेली होती.

मला प्रथम वाटले की त्या हमालाने बॅग चुकीची भरली आहे आणि आता तो शिव्या खाणार. त्याने शिव्या खाल्ल्या नाहीत. मागून आणखी माणसे आली. त्यांच्याही बॅगांतून लोखंडे वरच होती. इतक्या लोकांची एकच चूक असू शकत नाही, हे मान्य करायला मला थोडा वेळ लागला.

मग मी फक्त तळाकडे पाहत राहिलो. टोपीवाला थांबला की मागचा माणूस बॅग खाली टेकवी. ती सरळ कधीच टेकत नसे; एका कडेवर टेके आणि त्याच कडेवर तिरकी उभी धरलेली राही. मार संपला की काठी परत आत सोडली जाई. ती हळू सोडत नसत. वरून सोडली की दांड्याचे टोक आत सण्णकन तळावर जाऊन आपटे. मग पुढे चालणे, पुन्हा टेकवणे, पुन्हा काठी. बाहेरून कड घासते आणि आतून दांडे टोचतात. लाटण्याने कुटल्यासारखे. मेहुणीने ते दसऱ्यानंतरच सांगितले होते आणि आम्ही तिला पोळ्या बघायला लावले होते.

बॅग वाहणारा एक जण पाणी प्यायला कुंपणाजवळच्या नळावर आला. मी त्याला विचारले की लोखंड वर का ठेवतात.

"मालक हात पुढं करतो," तो म्हणाला. "कोनतं द्यायचं ते दिसाया नको का?"

"दांड्यावरून ओळखू येत नाही?"

"दांडे सगळे सारखेच."

तो गेला. परतीच्या बसमध्ये मी याचाच विचार करत होतो. आमच्याकडे उलटे आहे. लोखंड लोहाराकडून येते, ते सगळ्यांचे सारखे. दांडा ज्याचा त्याने घासलेला असतो. अंधारातही हात लावला की आपली कुदळ कळते. त्यांच्याकडे दांडा कुणाचाच नाही. हे कसे चालते, हे मला तेव्हाही कळले नाही. एका माणसाने चेंडू लांब मारायचा आणि मग तोच शोधत चालायचे, हेही कळले नाही. पण तळ कळला होता.

दुसरा तळ मी एकट्याने केला, त्या फुटक्या तळाच्या बॅगेलाच. फळी नाही, पत्रा नाही, घरे नाहीत. म्हशीचे कातडे भिजवून लाकडी ठोकळ्यावर ठोकून ठोकून वाटीसारखे वळवले, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या कडेवर शिवण येणार नाही. शिवण चार बोटे वर, दुपदरी, मधून मधून रिव्हेट. बाहेरून कडेला ट्रकच्या टायरची पट्टी. आतल्या माराला कापसाच्या जिनिंगमधल्या यंत्राच्या जुन्या पट्ट्याची चकती. त्या पट्ट्यात कापडाचे थर रबरात दाबलेले असतात आणि तो सहजी टोचला जात नाही.

मग मी बायकोकडे लाटणे मागितले. कशाला, हे तिने विचारले नाही. लाटणे उभे धरून मी बॅगेत सोडत राहिलो. चकती फुटत नव्हती, पण लाटणे तिच्यावरून उसळत होते आणि प्रत्येक दणका सरळ कडेच्या शिवणीला जात होता. आज ना उद्या ती ओढली गेली असती. चकतीखाली काहीतरी असे हवे होते की जे मार गिळेल आणि परत देणार नाही. कापूस घालून पाहिला, तो एका बाजूला गोळा झाला. गोणपाट घातले, ते दबून चपटे झाले.

दुकानात इकडे तिकडे पाहताना माझी नजर स्टुलावर गेली.

घोंगडीची लोकर खरखरीत असते आणि वर्षानुवर्षे बसून बसून ती घट्ट झाली होती. मी ती ठोकळ्याच्या मापाने गोल कापली. कापताना कात्री जड चालली. दोन थर घातले, वर चकती बसवली. लाटणे सोडले. आवाज बुजला, आणि लाटणे जिथे पडले तिथेच राहिले.

शिवायला मोठ्या मशीनवर मीच बसलो. दोरा कितीदा तुटला ते सांगत नाही. टाका सुरुवातीला ठीक गेला आणि वळणावर वाकडा झाला.

एजंट घेऊन गेला आणि पेरणीच्या आधी परत आला. या वेळी तो दारातूनच हसत होता. तळ पास होता. काम लागलीच सुरू करायचे होते. "फक्त काका, शिवण सरळ पाहिजे, म्हणालेत."

दुसऱ्या दिवशी त्या तळाचा जोड म्हणून केलेला एक नमुना पिशवीत घालून मी वाटूरला गेलो. बायकोने बहिणीसाठी कुरडयांचा डबा दिला.

साडू गोठ्यात होता. आमची जुनी बॅग दावणीच्या खांबाला टेकून उभी होती. आत कुदळी, टिकाव, खुरपी, सगळी लोखंड खाली, जिथल्या तिथे. माझी घरे कामाला आली होती. साडू बराच काळा पडला होता. त्याने नमुना हातात घेतला आणि आधी कडेने अंगठा फिरवला.

"ही शिवन कुनाची?"

"माझी."

"दिसतंय." मग त्याने आत बोटे घालून दाबून पाहिले. "चकतीखाली काय हाय?"

"तुझी घोंगडी."

तो काही वेळ दाबतच राहिला. नंतर म्हणाला, "मी इसरलो न्हवतो ती."

मेहुणी चहा घेऊन आली. तिने डबा उघडून पाहिला, झाकला, आणि ताई कशी आहे असे विचारले. बरी आहे, म्हणालो. लाटण्याचे तिला सांगावे असे मनात आले होते. सांगितले. ती हसली नाही; नवऱ्याकडे फक्त एकदा पाहिले.

काम आले आहे, हे मी साडूला सांगितले. शिवण सरळ हवी, हेही सांगितले. तो ऐकत होता आणि मान हलवत नव्हता.

"पाडव्यापोतर येता यायचं न्हाई," तो म्हणाला. "भावानं माझ्या भरोशावर सालगडी ठिवला न्हाई. पेरनी तोंडावर आलीया."

ते मला येण्याआधीच ठाऊक होते. वाटूरला उतरून शेतापर्यंत चालताना मी यावरच विचार केला होता आणि एकच मार्ग दिसला होता. तो मला स्वतःलाच पटत नव्हता, पण दुसरा नव्हता.

"मंग मशीन इकडं आणतो," मी म्हणालो.

"मशीन? गोठ्यात?"

"गोठ्यात."

"बैल काय म्हनतील?"

"त्याहीला तू इचार."

त्याने बैलांकडे पाहिले, जणू खरेच विचारणार होता. मग उठून जुन्या बॅगेपाशी गेला. औरंगाबादला मी काय पाहिले ते मी त्याला सांगितले होते, पण त्याला ते पटले नव्हते. त्याने एक कुदळ उपसली, उलटी केली, दांडा खाली घालून सोडली. मग दुसरी, मग टिकाव. लोखंडे वर आली आणि बॅग वरून जड होऊन कोलमडली. वासरू दचकून मागे सरले.

"हे हुबं कसं ऱ्हातं?" त्याने विचारले.

"राहत न्हाई. धरायला एक माणूस असतो."

"आन खेळायला?"

"दुसरा."

तो विचारात पडला. "म्हंजे दोगांचं भागतं त्याच्यावर?"

"तसं दिसतं."

"बिलकुल समजंना गड्या," तो म्हणाला, आणि हत्यारे गोळा करून पुन्हा लोखंड खाली घालू लागला. "टेम्पो कवा आनतो?"

टेम्पो त्याच आठवड्यात नेला. मोठे मशीन गोठ्याच्या पडवीत बसले. दिवसा तो शेतावर असे. सकाळी लवकर आणि दिवेलागणीच्या आधी तळ शिवत असे. मी मस्तगडात बॅगांचे अंग कापायचो, ते एका शिवणाऱ्याकडून साध्या मशीनवर शिवून घ्यायचो, आणि तयार तळ आणायला वाटूरच्या बसने जायचो. घोंगड्यांचा प्रश्न आला तेव्हा त्याच्या भावकीतल्या जुन्या, फाटक्या घोंगड्या घराघरांतून निघाल्या. त्या कशासाठी हव्यात हे लोक विचारत. साडू सांगे की साहेब लोकांच्या काठ्यांना थंडी वाजते. मी जायचो तेव्हा बायको कधी कधी बरोबर येई आणि मी निघालो तरी मागे राही.

हे वर्षभर चालले. पावसाळ्यात मशीनला ओल लागली, एकदा बैलाने दोऱ्याची रिळे तुडवली. शिवण मात्र सरळ गेली.

पुढच्या पाडव्याला भावाने सालगडी ठेवला. मशीन ज्या टेम्पोतून गेले होते त्याच टेम्पोतून परत आले. पुढे ड्रायव्हरशेजारी मेहुणी बसली होती, मांडीवर कुरडयांचा तोच डबा घेऊन. साडू मागे मशीन धरून उभा होता. त्याने उतरताच स्टूल कुठे आहे असे विचारले. मी दाखवले. त्यावर मी नवी घोंगडी घालून ठेवली होती. तो बसला, थोडे सरकून पाहिले, आणि ही टोचते म्हणाला.

बॅगांचे काम आणखी काही वर्षे आले आणि मग जसे आले तसे थांबले. तोवर आम्ही दोघेही म्हातारे झालो होतो आणि मुले आपापल्या कामाला लागली होती, म्हणून ते थांबण्याने काही बिघडले नाही. त्या बॅगा कुठे गेल्या, कुणी खांद्यावर घेतल्या, हे मला ठाऊक नाही. खेळ मी पुढे टीव्हीवर पाहिला. मन लावून पाहिला. तो चेंडू इतक्या लांब जाऊन इतक्या लहान खड्ड्यात का घालायचा, याचे उत्तर मिळाले नाही. साडू शेजारी बसून पाहतो आणि कॅमेरा बॅगेकडे वळला की तेवढे बोट दाखवतो.

मागच्या वर्षी एका लग्नाच्या निमित्ताने वाटूरला गेलो होतो. गोठा आता पक्का बांधला आहे. नापास बॅग तिथेच होती. कापड विटून पांढरे पडले आहे, पट्टा तुटला आहे, तोंडाचे लवदार कापड उंदरांनी नेले आहे. तळ शाबूत आहे. मी एक कुदळ उपसून घर पाहिले. पत्रा गंजला होता, रिव्हेट जागेवर होते. कुदळ होती तशीच, लोखंड खाली करून, मी परत ठेवली.